दहा जास्त की चार

कागदाची नाणी कापून दिली, तर पहिलीच्या पोरांनी निम्मी चघळून टाकली. म्हणून मग मी मेलीने स्वतःच्या पर्समधली खरी नाणी वाटली, काही एकाची, काही दहाची. वर्गात दुकान मांडलं. दहाचं एक नाणं म्हणजे एकाच्या चार नाण्यांपेक्षा जास्त, हे घसा बसेस्तोवर सांगितलं. पण छे! पोरांचं आपलं एकच पालुपद: हे एक, ती चार, म्हणून चार जास्त.

कळलं ते फक्त मुंगीला. सगळ्यांत बुटकी म्हणून ती मुंगी. तिने कुणाला काही सांगितलं नाही. मधल्या सुट्टीत रिकामा डबा उघडून बसली आणि दहाचं एक नाणं घेऊन एकाची चार द्यायला लागली. रांगच लागली. सुटे संपले की शिपाईमामांना दहाचं नाणं देऊन एकाची दहा आणायची. चार दिवसांत मामाही रांगेत दिसले. मुख्याध्यापक तर दहाचं देऊन चार घेऊन गेले, वर म्हणाले, खिसा कसा भरल्यासारखा वाटतो. मी कपाळाला हात लावला.

आणि नेमके तेव्हाच तपासणीस टपकले. एका तरी मुलाने बरोबर उत्तर दिलं तर वर्ग चालू राहील, नाहीतर मुलं शेजारच्या वर्गात आणि बाई घरी, असं त्यांनी सरळ बजावलं. घरात कमावणारी मी एकटी. साहेबांनी टेबलावर एकीकडे दहाचं नाणं ठेवलं, दुसरीकडे एकाची चार, आणि जास्त पैसे कुठे ते विचारलं. झाडून सगळ्या पोरांनी चारांकडे बोट दाखवलं. उरली मुंगी.

मी तिच्या कानाशी लागले. म्हटलं, बाई गं, तुला येतंय, सांगून टाक, नाहीतर वर्ग बंद होईल.

ती कुजबुजली, "शेजारी मुलं किती आहेत?"

"आपल्या दुप्पट."

"त्यांना हे येतं?"

शेजारच्या बाईंचं आणि माझं विळ्याभोपळ्याचं सख्य. तशा घाईतही मला राहवलं नाही.

"त्यांना कप्पाळ येतंय," मी म्हटलं. "ती बाई कधी काही शिकवते का?"

मुंगी उठली, फ्रॉक नीट केला आणि साहेबांकडे बघून गोड हसली.

"चार जास्त, साहेब."