अखाजीची परवानगी

सुरतेतल्या उधन्याच्या मागच्या अंगाला, जिथं कापडाच्या लूमची खटखट दिवसरात्र थांबत नाही, तिथं गिरणानगर नावाची वस्ती होती. वस्तीच्या मधून सांडपाण्याची खाडी वाहायची. खाडीच्या अलीकडे खालची गल्ली, पलीकडे वरची. दोन्हीकडची माणसं खानदेशातली. कुणी पारोळ्याकडचं, कुणी शिरपूरचं, कुणी साक्रीच्या डोंगरातलं. पोटामागं सुरतेला आली ती चार भांडी, दोन गोधड्या आणि अखाजी घेऊन.

अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. सकाळी पितरांची घागर भरायची, दुपारी लिंबाला झोका बांधायचा, आणि उन्हं कलली की बायकांनी नदीच्या दोन काठांवर उभं राहून एकमेकींना गाण्यातून शिव्या घालायच्या. शिव्या कसल्या, पार सात पिढ्या धुऊन काढायच्या. सासू, दीर, नवरा, कुणाची सुटका नाही. वर्षभर दातांखाली दाबून ठेवलेलं त्या एका संध्याकाळी बाहेर यायचं. दिवेलागणीला गाणं थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाया एका नळावर पाणी भरायच्या. गावाकडे मध्ये नदी असायची. इथं खाडी होती. बायांना तेवढी पुरली.

शालिग्राम मास्तरांना मात्र हे गाणं कधी सोसलं नाही.

मास्तर मराठी शाळेतून निवृत्त झालेले. डोक्याला काळी टोपी, कपाळाला गंध, एकादशीला निर्जळी. सिनेमाचं गाणं कानावर पडलं तरी कपाळाला आठी. खालच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. दर अखाजीला ते भरदुपारी दार लावून घेत आणि दिवे लागल्यावर उघडत. त्यांची बायको सरस्वती, सगळ्यांची सरूबाई, त्या संध्याकाळी आत गहू निवडत बसलेली असे. मास्तरणीनं खाडीच्या काठावर उभं राहू नये, असं मास्तरांनी लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. दोन वर्षांपूर्वी ती गेली. आता दार लावलं की आत मास्तर एकटेच असत.

शहाण्णव साली निवडणुका तोंडावर आल्या, आणि चैत्र लागता लागता वस्तीत पोलीस कचेरीची एक नोटीस आली. पाचांहून जास्त माणसं जमणार असतील तर परवानगी हवी. गाणी म्हणणार असाल तर त्यांचा मजकूर गुजरातीत लिहून आठ दिवस आधी कचेरीत द्यावा. त्यात नसलेलं गाणं म्हणता येणार नाही. खाली एका जबाबदार माणसाची सही हवी.

ज्यानं नोटीस काढली त्याला एवढंच ठाऊक नव्हतं, की अखाजीचं गाणं आधी नसतंच. समोरच्या काठावरून टोमणा आला की इकडच्या बाईच्या तोंडात ते जन्माला येतं. लिहून काय द्यायचं?

वस्तीतले सगळे अर्ज मास्तरच लिहीत. रेशनकार्ड असो की शाळेचा दाखला, त्यांचं गुजराती अक्षर कचेरीत चालायचं. त्यामुळे दोन दिवसांत दोन्ही बाजूंची माणसं त्यांच्याच दारात आली.

आधी वसंतराव आले. बँकेतून निवृत्त, मास्तरांच्या भजनातला हार्मोनियम त्यांचा. त्यांनी अर्ज घरूनच लिहून आणला होता.

"मास्तर, संधी चालून आलीय. ही घाण कायमची बंद करा, असा अर्ज आहे. पहिली सही तुमची. मग बाकीचे आपोआप करतील."

मास्तरांनी चष्मा लावला, अर्ज वाचला आणि परत दिला. "अक्षर चांगलं आहे तुमचं."

"अहो, सही."

"सही नाही करायची मला."

"तुम्हीच तर दरवर्षी म्हणता, कान किटतात."

"म्हणतो. पण ते माझे कान आहेत, वसंतराव. मी ते सरकारला वापरायला दिलेले नाहीत."

वसंतराव हसले, मास्तर थट्टा करताहेत असं वाटून. मग त्यांच्या लक्षात आलं, थट्टा नाही.

"म्हणजे तुम्ही त्या बायकांच्या बाजूचे झालात?"

"छे. ते गाणं वाईट आहे. मी ते त्यांना तोंडावर सांगतो, माझं दार लावून सांगतो. ते माझं काम आहे, तुमचं आहे, त्यांच्या सासवांचं आहे. पण कुणाच्या तोंडातून काय निघावं ते कचेरीनं आठ दिवस आधी वाचायचं, हे मला पटत नाही. आज त्यांची गाणी मागितलीत. उद्या आपली भजनाची वही मागतील."

"भजनात काय आहे मागण्यासारखं?"

"राजाला, सावकाराला, पुजाऱ्याला काय काय म्हटलंय त्यात. तीस वर्षं पेटी वाजवताय, शब्दांकडे लक्ष दिलेलं दिसत नाही."

हा टोला वसंतरावांना लागला. ते उठले, चप्पल घालता घालता म्हणाले, "सरूवहिनी असत्या तर त्यांनी तुम्हाला समजावलं असतं." आणि गेले.

ती असती तर काय म्हणाली असती, याचा मास्तर बराच वेळ विचार करत बसले. अखाजीबद्दल ती कधी काही बोललीच नव्हती. काठावर जाऊ नकोस म्हटल्यावर होय म्हणाली होती, एवढंच आठवत होतं.

मास्तरांचे वडील कीर्तन करत. एकदा देवळाच्या अंगणात तमाशावाले उतरले, तर वडिलांनी दुपारभर त्यांच्याशी वाद घालून त्यांना वेशीबाहेर जायला लावलं. मात्र फौजदार म्हणाला, सांगा, आत टाकतो सगळ्यांना, तेव्हा वडिलांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं होतं. का, ते कधी सांगितलं नाही. शालिग्राम तेव्हा दहा वर्षांचा होता. आता चौसष्टाव्या वर्षी ते त्याला नीट कळत होतं, आणि सांगायला समोर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तारा आली. खालच्या गल्लीची तारा, हिलालची बायको. घरी साड्यांना टिकल्या लावायची, आणि अखाजीला तिच्या तोंडापुढे वरच्या गल्लीची एक बाई टिकायची नाही. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"आप्पा, कागद मांगतस त्या. दोन-चार देवना गाना लिखी द्या. ती सही-शिक्क्याले देसूत, मंग आम्हले जे गावानं ते गासूत."

"खोटं लिहून देणार नाही मी."

"मंग खरं लिखा."

"खरं तुम्हालाच ठाऊक नसतं, गाईपर्यंत."

तारा पदर तोंडाला लावून हसली. "तेबी खरंच." मग तिचा आवाज खाली आला. "आप्पा, तुमले आमना गानास्ना राग येस. मंग वसंत आप्पाना कागदवर सही का बरं नही करी?"

"राग येतो. अजूनही येतो. घाणेरडी असतात ती गाणी, आणि लहान पोरी ऐकतात."

"मंग?"

"मग काय? मला राग येतो म्हणून सरकारनं तुझं तोंड धरायचं?"

तारानं त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस आपला की परका, ते तिला ठरवता येईना. ती गेली. तिच्या मागून गल्लीतल्या बायांची कुजबुज मास्तरांच्या कानावर आली. म्हातारा धड हो म्हणत नाही, धड नाही म्हणत नाही.

त्या रात्री त्यांनी अर्ज लिहिला. ही गाणी मला आवडत नाहीत, हे पहिल्या ओळीत. ती आधी लिहिता येत नाहीत म्हणून मजकूर जोडलेला नाही, हे दुसऱ्या. आवडत नाही ते शेजाऱ्यानं शेजाऱ्याला सांगावं, सरकारनं त्यात पडू नये, हे तिसऱ्या. आणि शेवटी, जबाबदार माणूस म्हणून सही माझी.

कचेरीतल्या कारकुनानं अर्ज दोनदा वाचला. "काका, तमे आनी विरुद्धमां छो के तरफेणमां?"

"बन्ने," मास्तर म्हणाले. दोन्ही. विरुद्धही आणि बाजूनंही.

कारकून अर्ज घेऊन साहेबाच्या खोलीत गेला. बऱ्याच वेळानं परत आला. परवानगी मिळाली, पण एक अट घालून. कुणा हयात माणसाचं नाव घेऊन बदनामी करायची नाही. नाव घेतलं गेलं आणि त्या माणसानं फिर्याद दिली, की गाणं तिथंच बंद, पुढच्या वर्षीही बंद, आणि गुन्हा सही करणाऱ्यावर.

मास्तरांनी अट वाचली आणि तिच्याखालीही सही केली.

मधल्या एकादशीला त्यांनी नेहमीप्रमाणे सतरंजी अंथरली. शेंगदाण्याचे लाडू डब्यात भरले. टाळांच्या जोड्या ओळीनं मांडल्या. तीस वर्षं ह्या घरात एकादशीचं भजन चुकलं नव्हतं. सरूबाईच्या सुतकातसुद्धा मंडळी येऊन नुसतं नाव घेऊन गेली होती. साडेसात वाजले, आठ वाजले. मग पलीकडच्या चाळीतून हार्मोनियम ऐकू आला. भजन वसंतरावांच्या घरी भरलं होतं. मास्तरांनी एक टाळ उचलला, दोनदा वाजवला. एका माणसाचा टाळ फार मोठा वाजतो. त्यांनी तो खाली ठेवला आणि पलीकडचं भजन संपेपर्यंत सतरंजीवर बसून ऐकलं. अभंग त्यांच्याच वहीतला होता.

अखाजी आली. ऊन असं, की खाडीचं पाणीसुद्धा सुकून काळ्या साईसारखं झालं होतं. सही मास्तरांची, म्हणून त्यांना काठावर हजर राहणं भाग होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते त्या वेळी घराबाहेर होते. लिंबाखाली एका बाजूला उभे राहिले. शेजारी एक गुजराती जमादार, हातात परवानगीचा कागद. वसंतराव आणि भजनातली मंडळी लांब पानाच्या टपरीपाशी उभी होती. नाव कधी येतं, याचीच ती वाट बघत होती.

बायांना अट ठाऊक होती. पहिला तासभर त्यांनी नावं गिळून गायलं. पण नाव नसलेली शिवी म्हणजे मीठ नसलेली भाकरी. वरच्या गल्लीतून एकीनं ओरडून विचारलं, "काय व तारा, औंदा तुले मास्तरनी शाळामा टाकं काय? तोंड उघडस नही ते."

अख्खा पलीकडचा काठ हसला. ताराच्या कानशिलांना रंग चढला. तिनं कमरेला पदर खोचला, आणि तिच्या तोंडून ते निघून गेलं.

*मास्तरना घरमा व माय, काया काया फया,*
*सरूबाईना गोड गया, त्याले लाया ताया.*
*सरूबाई गयी व माय, घर व्हयनं सुनं,*
*आते मास्तर कोनले सांगस, गावानं नही गानं.*

काळ्या फळ्याच्या मास्तरानं सरूबाईच्या गोड गळ्याला टाळं लावलं, हे तारा चारचौघांत गाऊन बसली होती. लूमची खटखट तेवढी राहिली. तारानं स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

टपरीपाशी वसंतरावांनी मान हलवली. बघा म्हणालो होतो, असं.

जमादार मास्तरांकडे वळला. त्याला शब्द कळले नव्हते, नाव कळलं होतं. "काका, तमारुं नाम लीधुं. फरियाद करवी छे?" मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं आणि तो मिशीत हसला. "फरियादी पण तमे, ने गुनेगार पण तमे."

मास्तर त्याच्याकडे बघत नव्हते. ते ताराकडे बघत होते. एक शब्द त्यांनी उच्चारला असता, तर हे गाणं आजही थांबलं असतं आणि पुढच्या वर्षीही. सतरंजी पुन्हा भरली असती. चाळीस वर्षं त्यांना हवं होतं तेच झालं असतं, आणि सरूबाईचं नावही पुन्हा कुणी असं चव्हाट्यावर घेतलं नसतं.

ते चालत तारापाशी गेले. बाया मागं सरल्या.

"आप्पा," तारा म्हणाली, "चुकी व्हयनी."

"तिचा गळा गोड होता, हे तुला कुणी सांगितलं?"

तारा गोंधळली. "कोनी म्हंजे? आम्ही आयकेल शे ना. नळवर गाये ती. तुम्ही शाळामा जायेत, मंग."

"रोज?"

"रोज कसानं. अखाजीना महिनामा. झोकाना गाना, आनि..." ती थांबली.

"आणि काय?"

"तुमनावर बी गाये, आप्पा. शिव्यास्ना. हासी हासी पोट दुखे आमनं."

मास्तरांनी मान खाली घातली. अडतीस वर्षांचा संसार, आणि तिच्या गाण्याची एक ओळ त्यांना येत नव्हती. समोरच्या काठावरच्या म्हाताऱ्या बायांना येत असेल. ह्या तारालाही येत असेल.

"काय गायची?"

तारानं ओठ उघडले. पण तेवढ्यात पलीकडून वरच्या गल्लीचा जबाब सुटला, हिलालच्या दारूवर, आणि तारानं मान वळवली. जबाब ऐकल्याशिवाय जबाब देता येत नाही.

जमादार मागून आला होता. "काका, शुं लखुं?"

"काही नाही लिहायचं," मास्तर म्हणाले. मग त्याला कळावं म्हणून, "फरियाद नथी. गावा दो."

जमादारानं खांदे उडवले, कागदाची घडी करून खिशात घातली आणि सावलीत जाऊन बसला. टपरीपाशी उभी असलेली मंडळी पांगली. जाताना वसंतराव मास्तरांच्या अगदी जवळून गेले, पण थांबले नाहीत.

बाया पुन्हा काठाला भिडल्या. मास्तर जिथं होते तिथंच राहिले, त्यांच्या मागं दोन हातांवर. कुणी त्यांना बसा म्हणालं नाही, कुणी जा म्हणालं नाही. मध्येच अगदी ओंगळ ओळ आली तेव्हा त्यांनी तोंड वाकडं केलं, मोठ्यानं "शी" म्हटलं. एका पोरीनं ऐकलं आणि ती खुदकन हसली. दिवे लागायला अजून बराच वेळ होता. ताराला उसंत मिळेपर्यंत ते थांबणार होते.