हा ढीग कुणाचा?

सप्टेंबर लागला की आमच्या गावात माणसं दोनच विषयांवर बोलतात: मूस, म्हणजे घोड्याहून उंच असं हरीण, आणि कुत्रे. लग्नं, दुखणी, भांडणं, सगळं शिकारीनंतर. उत्तर स्वीडनमधलं एवढंसं गाव, त्यात शिकारीची टोळी एक, आणि तिचा म्होरक्या माझा नवरा हाल्वार. कोणी कुठल्या मचाणावर बसायचं, कुत्रा कोणी धरायचा, हे सगळं तो ठरवतो. दरवर्षी पहिल्या सकाळी शेकोटीपाशी त्याचं प्रवचनही ठरलेलं.

"आधी पाडस, मग आई. मादी एकटी दिसली तरी थांबायचं. मागच्या झाडीत पाडस नाही याची खात्री झाल्याशिवाय चापावर बोट नाही."

आईवेगळं पाडस आमच्याकडच्या बर्फात तगत नाही, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी तो सांगतोच. म्हातारा स्तूरे त्याच्या पाठीमागे नुसते ओठ हलवून नक्कल करतो आणि आम्ही हसू दाबतो.

गेल्या वर्षी मात्र कुणी हसलं नव्हतं. शेजारच्या टीराची गोळी एका नराच्या पोटात लागली आणि तो जखमी होऊन पळाला. पोरगी घाबरली. शेकोटीपाशी कॉफी संपेपर्यंत मूग गिळून बसली आणि मग रडत रडत सांगितलं. तोवर जनावर दलदलीपलीकडे गेलं होतं. कुत्र्याने ते शोधलं, पण फार उशिरा. हाल्वारने तिला सगळ्यांदेखत सुनावलं, "नेम कुणाचाही चुकतो. पण तोंड शिवून बसणाऱ्याच्या हातात बंदूक शोभत नाही. यापुढे तू कुत्रा धरायचा." उरलेली सगळी शिकार ती बिचारी आमच्या रापा कुत्र्याची दोरी धरून चिखलातून हिंडली. तो बोलला ते खोटं नव्हतं, पण बोलताना त्याला जरा चवच आली होती. ते मला तेव्हाही खटकलं होतं.

यंदा पहिल्याच दिवशी तळ्याकडून एक बार ऐकू आला. वॉकीटॉकीवर हाल्वारचा आवाज आला, "मादी पडली. एकटीच होती."

आतडी त्याने तिथंच एकट्याने काढली, मदतीला कुणाला बोलावलं नाही. संध्याकाळी शेडमध्ये मादी टांगली आणि कातडं सोलायला नेहमीप्रमाणे मी आणि टीरा उभ्या राहिलो. मागच्या पायांमधून सुरी खाली आणताना कास दाबली गेली आणि माझ्या मनगटावर काहीतरी ओघळलं. रक्त असेल म्हणून पाहिलं, तर दूध. खाली फरशीवरही पांढरा ओघळ गेला होता.

मी पाण्याची नळी ओढली आणि फरशी धुऊन टाकली. कातडं संपायच्या आधी आम्ही कधी फरशी धूत नाही. टीरा समोरच होती. तिने फरशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घालून सोलायला लागली. लाज नवऱ्याची, पण कान माझे तापले.

घरी मी काळीज तळलं. पहिल्या दिवशीचं काळीज, लोण्यात, वर आंबट लाल बोरांचा मुरंबा. वर्षभर वाट पाहतो तो या घासाची. त्या दिवशी काट्याने नुसते तुकडे इकडून तिकडे करत बसला.

"पाडस होतं?" मी विचारलं.

"होतं." त्याने ताट सरकवलं. "बार केल्यावर झाडीतून बाहेर आलं. तिच्यापाशी जाऊन उभं राहिलं."

"मग मारायचंस की लगेच!"

"हातच उचलेना गं."

"अरे, मग सांग टोळीला. उद्या सगळे जाऊन शोधू. निदान उपाशी तरी मरणार नाही."

"काय तोंडाने सांगू, गुनवोर? टीरासमोर?"

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला हा बाबा सगळ्यांत पुढे, आणि आता स्वतःच्या डोळ्यात मुसळ घेऊन बसला होता.

मांस आठवडाभर टांगून मुरू द्यायचं असतं. तो आठवडा खायला उठला. टोळी रोज रानात जात होती आणि हाल्वार मचाणं अशी वाटत होता की तळ्याकडे कुणी फिरकू नये. एकदा शेकोटीपाशी स्तूरे म्हणाला, "काल तळ्याच्या रस्त्यावर एकटंच पाडस दिसलं रे. माणसाला बघून पळेना. नुसतं ओरडत होतं."

"त्याची आई पलीकडच्या गावच्या टोळीने मारली असेल," हाल्वार म्हणाला. "त्यांना कसला धरबंध नाही."

दुसऱ्याच्या माथी मारून मोकळा! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टीरा रापाच्या कानामागे खाजवत होती. तिने मान वर केली नाही.

वाटपाच्या दिवशी आम्ही सगळे शेडमध्ये जमलो. हाडं सोडवली, चरबी काढली, खिम्याचं वेगळं केलं, आणि लांब टेबलावर प्रत्येक घराचा एक ढीग मांडला. कुणाला मांडी जास्त, कुणाला बरगडी, अशी कुरकुर होऊ नये म्हणून आमच्या आजोबा-पणजोबांपासूनची रीत आहे. म्होरक्याने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. दुसऱ्याने एका ढिगावर हात ठेवून विचारायचं, "हा कुणाचा?" म्होरक्याने न बघता नाव घ्यायचं.

हाल्वार भिंतीकडे वळला. स्तूरेने पहिल्या ढिगावर हात ठेवला.

"हा कुणाचा?"

स्तूरेने मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिलं.

"काय रे, उभ्या उभ्या डुलकी लागली काय?" लोक हसले.

"त्या मादीला पाडस होतं," हाल्वार भिंतीला म्हणाला. "मी थांबलो नाही. बार केल्यावर ते बाहेर आलं आणि मी खोटं बोललो. तळ्याकडचं पाडस तिचंच आहे."

स्तूरेचा हात मांसावर तसाच राहिला. मी म्हणाले, "आणि तिचं दूध मी धुऊन टाकलं."

"मला माहीत आहे," टीरा म्हणाली. "मी बघितलं ना."

हाल्वारची पाठ हलली. "मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील असं वाटलं होतं. रोज वाटायचं."

मला वाटलं, हिने त्याला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याची मान मागून लाल झाली होती, पार कानापर्यंत. तो भिंतीकडे तोंड करूनच बोलत होता.

"उद्या उजाडताच तळ्याकडे जायचं. बंदूक टीराकडे. कुत्रा मी धरतो."

स्तूरेने घसा खाकरला. काम तर पुरं करायलाच हवं होतं.

"बरं. हा कुणाचा?"

"टीराचा."

"आणि हा?"

"तुझा."

एकेक ढीग पिशवीत गेला. नेहमी या वेळी थट्टा चालते, आज नुसता पिशव्यांचा आवाज. शेवटी टेबलावर एकच ढीग राहिला आणि घ्यायचं नावही एकच राहिलं.

"हा कुणाचा?" स्तूरेने विचारलं.

स्तूरेने पुन्हा विचारलं, हळू आवाजात. हाल्वारने कपाळ भिंतीला टेकवलं. स्वतःचं नाव त्याच्या तोंडून निघत नव्हतं आणि मला ते घ्यावंसं वाटलं तरी माझीही जीभ उचलेना.

"हाल्वारचा," टीरा म्हणाली. पिशवी उघडून ती स्वतःच त्यात मांस भरायला लागली. "वळ आता. आणि उद्या जाड मोजे घाल. कुत्रा धरणाऱ्याला दलदलीतूनच जावं लागतं."