स्वस्तात मिळालेला आउटफिल्डर

ग्रँट टॉलिव्हरला एकदा तरी ऑक्टोबर खेळायचा होता. बेसबॉलचा हंगाम संपल्यावर यादीत वर राहिलेले मोजके संघ ऑक्टोबरमध्ये अजिंक्यपदासाठी खेळतात आणि बाकीचे घरी बसून ते टीव्हीवर बघतात. ग्रँट सगळी कारकीर्द टीव्हीवर बघत आला होता. मैदानाच्या टोकाला उभा राहून उंच चेंडू झेलणारा आउटफिल्डर तो; खेळाडू चांगला, पण संघ नेहमी भिकार, असं त्याचं नशीब. त्या वर्षी मात्र आम्ही, म्हणजे ओमाहा ड्रोव्हर्स, पहिल्या नंबरावर होतो. ग्रँटचे गुडघे कामातून गेले होते आणि हंगाम संपला की बॅट ठेवणार हे त्याने सगळ्यांना सांगून टाकलं होतं. ऑक्टोबर मिळाला तर हाच, नाहीतर कधीच नाही.

मी डेनी ओखेडा, संघाचा राखीव कॅचर. बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलतो तो कॅचर. राखीव कॅचरचं काम म्हणजे बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया चघळायच्या आणि दुसऱ्यांचं नशीब बघायचं. त्यामुळे जे झालं ते मी पहिल्या रांगेतून बघितलं, आणि आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

जुलै संपला की खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते. त्या आठवड्यात आमचा जनरल मॅनेजर कॉलिन प्रेस्कॉट डोनटचा खोका घेऊन खाली खेळाडूंच्या खोलीत आला. संघाची सगळी खरेदी-विक्री याच्या हातात. आयुष्यात कधी चेंडूला बॅट लावली नसेल, पण हसायचा असा की जणू आपला सख्खा भाऊ. तो हसत खाली आला की आम्ही जो तो आपापल्या बुटांच्या नाड्या बांधायला लागायचो.

तो थेट ग्रँटकडे गेला. "ग्रँट, तू बफलोला होतास तेव्हा तो व्हेनेझुएलाचा पोरगा तुझ्याबरोबर होता ना, ओस्नेल ब्रिसेनो? कसा आहे रे?"

"सोनं आहे, साहेब."

"पाच वेळा बॅट फिरवून एकदा हिट मारणारं सोनं? बफलोवाल्यांनी त्याला खालच्या संघात टाकलाय. जवळजवळ फुकट द्यायला निघालेत."

आमच्यात एक रीत आहे. साहेब लोकांनी दुसऱ्या खेळाडूबद्दल विचारलं तर चांगलं बोलायचं, नाहीतर गप्प बसायचं. कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. ग्रँटने चांगलं बोलून थांबायला हवं होतं. पण पोरावर त्याचा जीव होता.

"रात्रीचे आकडे बघू नका, दुपारच्या सामन्यांचे बघा," तो म्हणाला. "त्याचा डावा डोळा अधू आहे. दिव्याच्या उजेडात चेंडूची फिरकी त्याला दिसतच नाही. डॉक्टर तपासायला आला की आधी दुसऱ्यांकडून तक्त्यावरची अक्षरं पाठ करून घेतो आणि घडाघडा म्हणून दाखवतो. कळलं तर घरी पाठवतील म्हणून घाबरतो बिचारा. माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. त्याला एक चष्मा द्या, साहेब, आणि मग बघा."

प्रेस्कॉट डोनट खाता खाता थांबला. मग त्याने डोनट संपवला, बोटं पुसली आणि ग्रँटच्या पाठीवर थाप मारून वर निघून गेला.

"अरे येड्या," मी ग्रँटला म्हणालो, "आउटफिल्डमध्ये जागा तीन. तो आला तर उठणार कोण?"

"लँड्री उठेल. नाहीतर मी एक दिवसाआड बसेन, गुडघ्याला तेवढाच आराम. पोरगा आला तर आपला ऑक्टोबर पक्का."

"आपला म्हणजे कोणाचा?"

"तू ना, डेनी, जन्माचा कुजका आहेस."

"असेन. बाकावर बसून बसून होतं माणसाचं तसं."

मुदतीच्या दिवशी दुपारचा सामना होता. अशा दिवशी धडधाकट खेळाडूला मध्येच बाहेर काढलं की समजायचं, विकला. सौदा ठरलेला माणूस मैदानात जखमी झाला तर सगळंच फिसकटतं, म्हणून काढतात. मग सगळा बाक उठतो आणि त्याला एकेक जण मिठी मारतो. विचारायचं काही नाही, सांगायचं काही नाही. निरोप द्यायची आमच्याकडे तेवढी एकच पद्धत.

पाचव्या इनिंगला मैदानावर संघ सांभाळणाऱ्या मॅनेजर हालने लँड्रीला, आमच्या उजवीकडच्या आउटफिल्डरला, बाहेर बोलावलं. लँड्री पांढराफटक पडला होता. बाक उठला. मिठ्या सुरू झाल्या. ग्रँटने तर त्याला छातीशी घट्ट धरून ठेवलं.

"धीर सोडू नकोस," तो लँड्रीला सांगत होता. "बफलोची माणसं मायाळू आहेत. थंडी जबर असते, पण एक हिवाळा काढलास की होते सवय. माझी जुनी घरमालकीण अजून आहे तिथे. माझं नाव सांग, खोली देईल. शुक्रवारी मासे तळते, एक नंबर."

"कसलं बफलो?" लँड्री कळवळून म्हणाला. "जुलाब लागलेत मला. सोड ना, बाबा."

आणि तो पोट धरून आत पळाला. मग काय विचारता, सगळा बाक हसून हसून आडवा झाला. चेंडू फेकणारा एक पिचर तर जमिनीवर बसून हसत होता. ग्रँटच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

पुढच्या इनिंगला हाल पुन्हा उठला आणि म्हणाला, "ग्रँट, तूही बस आता."

"यानेही कालचे झिंगे खाल्ले वाटतं," कोणीतरी ओरडलं, आणि पुन्हा हशा झाला. "जवळ जाऊ नका रे, मिठी मारलीत तर कपडे खराब होतील." एकदा फसलेली माणसं दुसऱ्यांदा फसायला तयार नव्हती. एकही जण जागचा हलला नाही. ग्रँट स्वतःसुद्धा पोट धरल्याचं सोंग करत, लंगडत आला आणि माझ्या शेजारी बसून गुडघ्याला बर्फ लावायला लागला. हाल तेवढा हसत नव्हता. मी ते बघितलं आणि हातातल्या बिया खाली टाकल्या. मी उठेपर्यंत हालने ग्रँटच्या खांद्यावर हात ठेवला होता.

"आत चल," हाल म्हणाला. "डेनी, तूही ये. स्पॅनिश बोलणारा माणूस हवाय."

हालच्या खोलीत प्रेस्कॉट टेबलावर बसून पाय हलवत होता.

"ग्रँट, तुझा पोरगा आपल्याला मिळाला," तो म्हणाला. "आणि तू बफलोला चाललास."

ग्रँटच्या हातात बर्फाची पिशवी तशीच होती. "त्यांनी मला मागितलं?"

"छे रे. त्यांना एक कोवळा पिचर हवा होता. मी म्हटलं, पिचर मिळणार नाही, टॉलिव्हर घ्या. तयारच होईनात. वय झालंय म्हणाले, गुडघे गेलेत म्हणाले. फार घासाघीस करावी लागली बघ." बाजारातून घामाघूम होऊन आलेल्या माणसाने घरी सांगावं तसं तो सांगत होता. "मलाही आउटफिल्डची एक जागा रिकामी करायचीच होती."

एका संघात पाच वर्षं झाली की ग्रँटसारख्या जुन्या खेळाडूला अदलाबदल नाकारायचा हक्क मिळतो. त्याची आमच्याकडे चार झाली होती. प्रेस्कॉटला ते पाठ असणार.

"साहेब, मी बाकावर बसतो," ग्रँट म्हणाला. "एकही सामना खेळवू नका. फक्त ऑक्टोबरपर्यंत ठेवा." इतक्या मोठ्या माणसाला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. हाल भिंतीकडे बघत राहिला.

"जमणार नाही," प्रेस्कॉट म्हणाला. "पण एक अडचण आहे, आणि ती तूच सोडवशील. पोरगा डोळ्याच्या डॉक्टरकडे जायला तयार नाही. माझे डोळे उत्तम आहेत म्हणतो. तपासणी झाली नाही तर सौदा रद्द. मी आंधळा घोडा घेणार नाही."

"रद्द झाला तर मी इथेच?"

"इथेच." प्रेस्कॉट हसला. "पण मग बफलोवाले कारण विचारणार, आणि मला सांगावं लागणार. ते त्याला चष्मा देतील असं वाटतं तुला? घरचं तिकीट देतील. बघ बाबा, फोन तुझ्यासमोर आहे. मी जबरदस्ती करत नाही."

या माणसाला कधी बॅट धरता आली नसती, पण समोरचा माणूस त्याने अचूक ओळखला होता. मला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. राखीव कॅचर लोक असं काही करत नाहीत, म्हणून मी फोन लावला.

ग्रँटला स्पॅनिश येत नव्हतं, पोराला इंग्रजी येत नव्हतं. बफलोत या दोघांनी एकमेकांना काय काय समजावलं होतं, ते मैदानातले दोन-चार शब्द सोडले तर सगळं हातवाऱ्यांनीच. फोनवर हात दिसत नाहीत.

"त्याला सांग, डॉक्टरकडे जा," ग्रँट म्हणाला. "घरी पाठवणार नाहीत. मी शब्द देतो."

मी सांगितलं. मग पोराने विचारलं, "डॉन ग्रँट स्वतः असं म्हणतात?" स्पॅनिशमध्ये मोठ्या माणसाला आदराने डॉन म्हणतात.

"तो समोरच बसलाय माझ्या."

"मग जातो. पण त्यांना विचारा, मी तिथे आलो की ते माझ्या शेजारी खेळतील ना? दिव्यांत चेंडू हरवला की तेच ओरडून सांगायचे मला, पुढे का मागे."

मी ते इंग्रजीत सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला, कारण दुसरं काही सुचलंच नाही. बाहेर मैदानात कोणीतरी जोरात हिट मारला असावा, लोक ओरडत होते. ग्रँटने बर्फाची पिशवी हालच्या टेबलावर ठेवली.

"हो म्हण त्याला," तो म्हणाला.

"ग्रँट."

"हो म्हण, डेनी. नाहीतर तो जायचा नाही."

मी हो म्हणालो. पोरगा फोनवर हसला, त्याने देवाचं नाव घेतलं आणि फोन ठेवून दिला. ग्रँट कपडे बदलून मागच्या दाराने गेला. सामना चालूच होता. मी बाकावर परत आलो तेव्हा बाकीचे विचारत होते, म्हाताऱ्याचं पोट कसं आहे आता.

मी सांगितल्यावर कोणी हसलं नाही. दोघे-तिघे धावत मागच्या दाराशी गेले. टॅक्सी निघून गेली होती.

पोरगा आला तो काळ्या जाड काड्यांचा नवा चष्मा लावून. खिशात फोन घेऊन फिरायचे दिवस नव्हते ते, आणि इंग्रजी पेपर त्याला वाचता येत नव्हता. विमानतळावरून प्रेस्कॉटच्या माणसाने त्याला सरळ मैदानावर आणलं. तो दारात उभा राहून सगळ्यांचे चेहरे बघत होता, एकेकाचा, नीट. इतक्या लांबून चेहरे दिसतात याचीच त्याला गंमत वाटत असावी. मग माझं स्पॅनिश ऐकून माझ्याकडे आला.

"डॉन ग्रँट कुठे आहेत?"

"बफलोला."

"थट्टा करता होय." तो हसला. मी हसलो नाही, तसा तो थांबला. या धंद्यात वाढलेल्या पोराला पुढचा प्रश्न शिकवावा लागत नाही. "कोणाच्या बदल्यात?"

मी कुजका माणूस आहे, पण तेव्हा मला खोटं बोलायची फार इच्छा झाली. एक खोटं मी त्याला फोनवर माझ्याच तोंडाने सांगितलं होतं. दुसरं काही केल्या निघेना.

"तुझ्या," मी म्हणालो.

त्याने चष्मा काढला आणि मुठीत धरून नुसता उभा राहिला. बाहेर मैदानावरचे दिवे लावत होते, सराव सुरू व्हायचा होता. एवढ्यात प्रेस्कॉट डोकावला. पोराला बघून त्याचा चेहरा फुलला.

"डेनी, त्याला सांग, चष्मा घाल म्हणावं," तो म्हणाला. "त्यासाठीच आणलाय त्याला."

मी तेही सांगितलं.