शिंप्याच्या मापाचे बुजगावणे

मी एक बुजगावणे बोलतो आहे. बोलतो आहे असे म्हणणे हेही धाडसच, कारण माझ्या निर्मात्याने मला तोंड म्हणून खडूची एक आडवी रेघ दिली होती आणि ती पहिल्याच दवात पुसून गेली. परंतु ज्याला तोंड आहे तोच बोलतो आणि ज्याला कान आहेत तोच ऐकतो, असा नियम मी तरी या जगात पाहिला नाही. म्हणून माझेही चार शब्द ऐकावेत.

माझा निर्माता व्यवसायाने शिंपी. सुईत दोरा ओवता ओवता डोळे थकले, तेव्हा त्याने दुकान मिटले, शिवणयंत्र घरी आणले आणि घरामागच्या मोकळ्या जागेत एक वाफा केला. जन्मभर इतरांची अंगे झाकली; आता एक तरी वस्तू आपल्या हातून अशी उगवावी की जी कोणी सैल झाली, घट्ट झाली म्हणून परत आणणार नाही, एवढीच त्याची आस होती. त्याने पालक पेरला.

शेजारच्या घरात एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहत. त्यांना सगळे बाईच म्हणत. दोन्ही घरांच्या मधे कंबरेएवढी भिंत, आणि बाईंच्या घरात एक बोका. त्याचे नाव साहेब. हे साहेब रोज सकाळी, हाताखालच्या कचेरीची तपासणी करावी तसे, भिंत ओलांडून येत. वाफ्यातील भुसभुशीत माती पाहून प्रसन्न होत, तेथे खड्डा करून आपले नित्यकर्म उरकत आणि वर पालकाच्या रोपांसकट माती लोटत. मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत शिरून इस्त्रीच्या कपड्यांवर निद्रिस्त होत. शिंप्याने संत्र्याच्या साली पसरल्या, मिरपूड शिंपडली. साहेब शिंकले, आणि शिंकून झाल्यावर पुन्हा बसले.

एके दिवशी शिंप्याचा संयम सुटला.

"बाई, तुमच्या साहेबांनी माझ्या पालकावर आज पुन्हा शेरा मारला."

"अहो भाऊ, मुक्या जिवाला काय कळतं कुणाची हद्द कुठे ते."

"त्याला नसेल कळत. गवंड्याला कळतं. भिंत डोक्याच्या वर नेतो, मग बघू."

"न्या की. आकाशापर्यंत न्या. साहेबाला तेवढाच व्यायाम."

या भांडणात एक तिसरे माणूस गप्प उभे होते. ती शिंप्याची पत्नी. रोज संध्याकाळी ती शेंगांची परात त्या भिंतीवर ठेवी, पलीकडून बाई आपली परात ठेवीत, आणि दोघी शेंगा सोलत बोलत बसत. बोलण्यात विशेष काही नसे, परंतु दिवसभरातले तिचे बोलणे तेवढेच. तिचे गुडघे दुखत. रस्त्याने वळसा घालून पलीकडच्या फाटकापर्यंत जाणे तिला जमण्यासारखे नव्हते. भिंत वाढली की तिच्या संध्याकाळी संपणार, हे तिला तत्काळ कळले. शिंप्याला कळले नाही. रागावलेल्या माणसाला स्वतःचा आवाज तेवढा ऐकू येतो.

गवंड्याने निरोप पाठवला, हातातले काम उरकून पुढच्या आठवड्यात येतो. तोवर पालकाचे रक्षण कोणी करावे? या प्रश्नातून माझा जन्म झाला.

इतर बुजगावण्यांना फाटका सदरा आणि फुटके मडके पुरते. माझा निर्माता मात्र शिंपी होता. बेढब वस्त्र त्याच्या हातून घडेना. त्याने विचार केला, साहेब घाबरतो तर मलाच घाबरत असेल, तेव्हा बुजगावणे माझ्याच मापाचे हवे. त्याने बायकोच्या हाती फीत दिली आणि स्वतः हात पसरून उभा राहिला.

"डावा खांदा उतरलाय तुमचा," ती म्हणाली.

"फीत नीट धर. गिऱ्हाईकाचा खांदा उतरतो, शिंप्याचा नाही."

"बरं. मग ही छाती पुढे यायची ती पोटावर का आलीये?"

"लिही, आणि गप्प बस."

मोठ्या सचोटीने त्याने मला उतरत्या खांद्यासकट शिवले. त्याच्या जुन्या कोटाला नवे अस्तर लागले, गुंड्यांची काजे पुन्हा केली गेली. पोटात दुकानातली उरलेली कात्रणे भरली. कोणा नवरदेवाच्या अंगरख्याचे टोक, कोणा न्यायाधीशाच्या काळ्या झग्याची पट्टी, कोणा बाळाच्या झबल्याची किनार. अशा परक्यांच्या उरल्यासुरल्याने माझे अंतःकरण भरले. तेव्हा 'मी' म्हणावे असे माझ्यात काय होते? काठ्या झाडाच्या, कोट शिंप्याचा, अंतर्याम लोकांचे. अभिमान धरायला जागाच नव्हती, हे माझ्यावर मोठे उपकार झाले.

साहेब पहिल्या दिवशी लांबून पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी माझ्या पायाशी बसले. तिसऱ्या दिवशी माझ्या बाहीवरून चढून खांद्यावर आले, मानेच्या खोबणीत अंग मुडपले आणि घुरघुरू लागले. ज्याला भिववण्यासाठी मी अवतरलो, त्यानेच मला अंथरूण मानले. पोटातल्या कात्रणांत काही लोकरीचीही होती. त्यांची ऊब वर खांद्यापर्यंत पोचून त्याला भावली असावी. चमत्कार असा की, खांदा मिळाल्यावर त्याने वाफा सोडला. पालक तरारून वर आला.

"पालक आलाय की," शिंप्याची बायको म्हणाली. "मग आता भिंत कशाला?"

"प्रश्न पालकाचा नाही."

"मग कुणाचा?"

शिंपी शिवणयंत्रातली दोऱ्याची बॉबिन काढून पुन्हा होती तशीच बसवत राहिला. आपल्याला पाहून बोक्याला भीती वाटण्याऐवजी झोप येते, ही गोष्ट त्याच्या काळजात सुईसारखी रुतली होती.

इकडे बाईंचा चष्मा साहेबांनीच टेबलावरून ढकलून फोडला होता आणि नवा अजून दुकानातून यायचा होता. भिंतीपाशी येऊन त्यांनी डोळे बारीक केले, तेव्हा त्यांना दिसले ते असे की, शेजारचे भाऊ वाफ्यात उभे आहेत आणि त्यांच्या खांद्यावर साहेब झोपला आहे.

"भाऊ, त्या दिवशी मी फार बोलले. आकाशापर्यंत न्या म्हणाले. मनात नव्हतं हो."

मी काय बोलणार?

"राग आहे. असायचाच."

मी उभाच होतो. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "आज कालच्यापेक्षा निवळलेले दिसता." त्यानंतर त्या रोज येऊ लागल्या. शाळेतल्या गोष्टी, रात्री न लागणारी झोप, परगावच्या बहिणीचे न येणारे फोन. सारे त्या मला सांगत. मौनात एवढी शक्ती असते हे मला तोवर ठाऊक नव्हते. बोलणारा त्यात आपल्याला हवे ते उत्तर घालतो आणि समाधानाने घरी जातो.

एकदा वाण्याच्या दुकानात बाईंनी खऱ्या शिंप्याला गाठले. घरी येऊन तो बायकोसमोर उभा राहिला.

"अगं, बाई म्हणत होत्या, काल मी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही बोललो नाही. असा विद्यार्थी त्यांना वर्गात कधी मिळाला नाही म्हणे."

"तुम्ही नाही. तुमचा कोट."

"तुला ठाऊक होतं? मग सांगितलं का नाहीस?"

"पहिल्यांदाच कुणी तुमचं एवढं कौतुक करत होतं. मोडवेना."

शिंप्याच्या कानशिलापर्यंत रक्त चढले. स्वतःच्या कोटाचा मत्सर करणारा मनुष्य मी त्या दिवशी पाहिला. तो म्हणाला, "उद्या गवंडी येतोय. उद्या मीच उभा राहतो तिथे. बाई तोंड उघडू देत, दोघांच्या देखत सांगतो की भिंत होणार."

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर त्याने माझा कोट उतरवून स्वतः घातला आणि मला पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवले. दोन काठ्या आणि कात्रणांची एक पिशवी, एवढा मी उरलो. मला उणे काही वाटले नाही. तेथून वाफा स्पष्ट दिसत होता.

शिंपी हात पसरून उभा राहिला. परंतु बाईंच्या आधी साहेब आले. त्यांनी बूट हुंगले, क्षणभर वर पाहिले आणि कोटाच्या शिलाईत नखे रोवत खांद्यावर चढून नेहमीच्या जागी निजले. शिंप्याने बोलण्यासाठी उघडलेले तोंड उघडेच राहिले. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या खांद्यांची मापे घेतली. त्याच्या खांद्यावर कोणी निर्धास्तपणे झोपी गेल्याचे मात्र त्याला आठवेना.

बाई आल्या. त्यांचा आवाज आज बारीक होता.

"भाऊ, आज गवंडी येणार ना? वाढवा भिंत. जागा तुमची आहे. एक तेवढं करा, वहिनींसाठी मधे एक खिडकी ठेवा. परात मावेल एवढी. माझ्यासाठी नको. मी भिंतीशीही बोलेन, वर्गात तेच तर केलं. पण त्यांचे गुडघे... त्या वळसा घालून यायच्या नाहीत, आणि तुमच्याकडे तोंडानं मागायच्याही नाहीत."

शिंपी हलला नाही. मागच्या दाराने त्याची बायको परात घेऊन आली. तिने एकदाच पाहिले आणि ओळखले. माझे हात कधी थरथरले नव्हते, या बुजगावण्याचे थरथरत होते.

"बाई, खिडकी मागू नका," ती बाईंना म्हणाली, पण डोळे वाफ्याकडे होते. "यांच्यापाशी काही मागितलं की नाही म्हणून मोकळे होतात. मग दिवसभर स्वतःच खात राहतात स्वतःला, आणि ते मला बघवत नाही."

तेवढ्यात फाटकातून गवंडी आला. हातात दोरी, खांद्याला ओळंबा.

"भिंत किती वर न्यायची?"

"यांना विचारा," शिंप्याची बायको म्हणाली.

"त्यांना काय विचारता," बाई म्हणाल्या, "भाऊ हल्ली बोलत नाहीत."

गवंड्याने हात पसरून उभ्या असलेल्या मालकाकडे पाहिले, खांद्यावरच्या बोक्याकडे पाहिले. घरमालकांचे नाना प्रकार त्याने पाहिले असावेत. जवळ जाऊन तो मोठ्याने म्हणाला, "मालक, भिंत किती उंच?"

शिंप्याचे ओठ जेमतेम हलले.

"हळू बोला. झोपलाय तो."

"बरं. पण भिंतीचं काय?"

"ठोकाठोकी होईल ना?"

"त्याशिवाय भिंत कशी होणार?"

साहेबांनी झोपेत पंजा लांबवून त्याच्या गळपट्टीवर ठेवला.

"मग राहू दे," तो म्हणाला.

गवंड्याने दोरी गुंडाळली. "उठला की कळवा," असे म्हणून तो निघून गेला. भिंतीवर दोन पराती टेकल्या. शिंप्याच्या बायकोने शेंग सोलायला घेतली. तिच्याकडून पहिले दोन दाणे खाली सांडले.

गवंड्याला अजून कोणी कळवलेले नाही. शिंपी रोज संध्याकाळी वाफ्यात जाऊन उभा राहतो. हात दुखतात म्हणून कुरकुरतो, परंतु जातो. मधे उभा असल्यामुळे दोघींचे बोलणे त्याला ऐकावेच लागते, आणि हळूहळू तो मधेच एखादा प्रश्नही विचारू लागला आहे. बाईंचा नवा चष्मा आला. त्यांनी त्याला नीट न्याहाळले आणि काळजीने म्हणाल्या, "भाऊ, थकलात हो. मागे तब्येत किती बरी होती तुमची."

माझे म्हणाल, तर मी त्या टाकीपाशीच आहे. पोटातली कात्रणे शिंप्याच्या बायकोने काढून कोटाच्या खांद्यात भरली, साहेबांना हाड टोचू नये म्हणून. उरलेल्या काठ्यांवर कुठलीशी वेल चढते आहे. ती मला विचारून चढली नाही, आणि मीही तिला अडवले नाही. ज्या जागी मी दुसऱ्याच्या रूपाने उभा होतो, तेथे तो स्वतः येऊन उभा राहिला; यापरती बुजगावण्याला कोणती गती हवी?

वाचकहो, एकच विनवणी आहे. कधी या बाजूने गेलात आणि दया येऊन मला उचलून पुन्हा वाफ्यात रोवावेसे वाटले, तर कृपा करून तसे करू नका. तेथील जागा भरली आहे.