मी आधी उतरलो होतो

मी गिधाड बोलतोय. राहायला वेल्ह्याच्या वरच्या कड्यावर. मान उघडी, डोक्यावर टक्कल, चोच लांब. रूपाची लाज मला कधी वाटली नाही. मढ्यात डोकं घालायचं तर पिसं नसलेलीच बरी. लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची.

ऊन तापलं की हवा आम्हाला वर उचलते. मग पंख न हलवता पानशेतचं पाणी, विंझर, आंबवडे एका दिवसात पालथं घालतो. आमच्यात बोलावणं नसतं. एक जण खाली उतरला की लांबून दुसऱ्याला दिसतं, त्याला पाहून तिसरा वळतो.

गेल्या माघात मी आधी उतरलो. धनगरवस्तीवरच्या चिमाजीची म्हैस मेली होती, माळावर ओढून टाकली होती. मी पाच दिवसांचा उपाशी, कड्यावर आमचं एकुलतं पिल्लू. माझ्यामागं माझी जोडीदारीण आली, मग आणखी पाच जण.

गळ्यापर्यंत खाल्लं. तेवढ्यात चिमाजीची बायको भामाबाई आली. म्हशीच्या गळ्यातली घंटा काढायची राहिली होती. बाकीचे उडाले. मला जडपणानं उडता येईना. घाबरलो की आम्ही ओकतो, अंग हलकं करायला. मी तिच्यासमोरच सगळं ओकलो.

तिनं पदर नाकाला लावला. "खातंय काय, वकतंय काय," म्हणाली. मी कसाबसा कड्यावर जाऊन पाठ फिरवून बसलो. ती गेल्यावर बाकीचे परतले, पोटभर जेवले. जोडीदारणीनं पिल्लालाही भरवलं.

तिसऱ्या दिवशी जोडीदारणीची मान गळाली. माझ्याशेजारी बसल्या बसल्या ती कपारीतून खाली गेली. संध्याकाळी पिल्लू गेलं. माळावर उतरलेल्यांतला मी एकटा उरलो, खाल्लेलं सगळं ओकून टाकलं होतं म्हणून.

पक्ष्यांची गणती करणारी सुलक्षणा भोरहून आली. कड्याखाली तिनं चिमाजीला विचारलं, "दादा, म्हशीला दुखण्याची सुई दिली होती का? ते औषध मढ्यात राहतं, खाणारी गिधाडं मरतात."

"न्हाई," चिमाजी जमिनीकडं बघत म्हणाला.

"तीन टोचल्या," भामाबाई म्हणाली. "लई कन्हत हुती वो. मेल्यावरबी औषध आत ऱ्हातं, आमाला काय ठावं?"

चिमाजीनं मुंडासं काढून हातात घेतलं. "म्हंजी आमच्या हातनंच झालं म्हनायचं."

वर बसून मी ऐकत होतो. त्यांनी टोचलं खरं, पण सगळ्यांना त्या पंगतीला नेलं मी.

यंदा चिमाजीची म्हातारी गाय मेली. त्यानं ती माळावर आणली, वर बघून हळूच म्हणाला, "हिला काय बी टोचलेलं न्हाई. या."

मला भूक होती. तरी मी घिरट्या घालत राहिलो, कुणीतरी दुसरं येईपर्यंत. दुपारी रायरेश्वराकडून एक तरणं गिधाड आलं, सरळ उतरलं आणि खायला लागलं. त्याला अडवायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. त्याची मान ताठ राहते का, एवढंच मी तीन दिवस कड्यावरून बघत बसलो.

ताठ राहिली. मग मी उतरलो आणि हाडाला चिकटलेलं खाल्लं.

जनावर कन्हत असेल तर त्याला सुई द्या, नको कसं म्हणू? पण मग ते मेल्यावर पुरून टाका. भुकेपोटी आपल्याच जातीच्या पोराला पुढं घालून, ते मरतं का याची वाट बघणारा मी झालोय. तसं दुसऱ्या कुणाला व्हावं लागू नये.