केळीच्या घडाचं काळीज

निंभोऱ्याच्या चौकात त्या सकाळी अशी दाटी झाली होती, की लोकांनी वहाणा काखेत धरल्या होत्या. खाली ठेवल्या असत्या तर त्या दुसऱ्याच्याच पायांतून घरी गेल्या असत्या!

मधोमध बिनतारी महाराज बसले होते. पुढ्यात मखमलीनं झाकलेली पेटी, तिला ग्रामोफोनचा कर्णा, आणि कर्ण्यातून आवाज : धक्-टक्, धक्-टक्.

"भक्तहो, दिल्लीचं भाषण तारेवाचून रेडिओत येतं ना? मग तुमच्या बायकोच्या काळजानंच काय घोडं मारलंय? तिच्या दंडाला माझा ताईत बांधा. ती शेतात असो, माहेरी असो, काळीज इथं बोलेल!"

उखर्डूला हे मनापासून पटलं होतं; त्यानं बायकोच्या दंडाला ताईत बांधलाही होता. त्याची बायको सुनंदाबाई चार पावलं चालली की धापा टाकायची, पाय सुजायचे. भुसावळच्या डॉक्टरानं ताबडतोब तपासायला आणायला सांगितलं होतं. पण पेटी रोज म्हणायची, काळीज ठणठणीत! मग भुसावळला कशाला जायचं?

आजही त्यानं हात जोडले. "महाराज, आमच्या घरचं कसं काय?"

महाराजांनी कर्ण्याला कान लावला. "चुलीपुढे बसलीय. भाकरी थापतेय. काळीज वाघिणीचं!"

"मी अठी हाये वं माय!" मागून धापा टाकत आवाज आला. गर्दी दुभंगली आणि सुनंदाबाई पुढे आली. "आन् ताईत काल केळीच्या घडाले बांधला. आमच्या यायनंच तो घड दिल्लीच्या रेल्वे वॅगनमधी भरला."

उखर्डूचा जबडा खाली आला. महाराजांचा मात्र पापणीचा केसही हलला नाही. "वनस्पतीलाही जीव असतो, बाई! हे घडाचंच काळीज!"

"बरोबर!" गर्दी डोलली. आपल्या गावच्या केळीला काळीज आहे, याचा सगळ्यांना भारीच अभिमान वाटला.

नथ्थूनाना पुढे सरसावले. "महाराज, घडाले विचारा, खंडवा ठेसन गेलं का?"

"गेलं!"

"शेजारचा घड माह्या मळ्यातला हाये. त्याची तब्येत?"

"जरा हळवा झालाय."

"दिल्लीत भाव काय लागंल?"

एरवी महाराज आधी जपाला बसवून सगळ्यांना डोळे मिटायला लावत. आज प्रश्नांच्या भडिमारात जप राहूनच गेला. आणि एकाएकी कर्णा मुका झाला.

"गेली!" उखर्डूनं कपाळ बडवलं. "माही सुनंदा गेली!"

"अवो, मी तुमच्या बाजूले उभी हाये!"

"तू गप बैस! पेटी बंद पडली, दिसत नाही तुले?"

"डोळे मिटा! सगळ्यांनी डोळे मिटा!" महाराज गरजले. सगळ्यांनी मिटले. सुनंदाबाईनं मिटले नाहीत. महाराजांचा हात पेटीमागं गेला आणि कर्र कर्र असा आवाज झाला. तिनं झटक्यात मखमल ओढली.

आत तान्ह्या बाळाच्या कुंचीत गुंडाळलेलं गजराचं घड्याळ होतं! हिसक्यानं त्याची कळ सुटली आणि कर्ण्यातून असा गजर झाला, की चौकातली गाढवं थेट सावद्याच्या वाटेला लागली. त्यांच्या पुढे महाराज होते.

नथ्थूनानांनी आपला ताईत फोडला. आत सिनेमाच्या जाहिरातीचा बोळा!

उखर्डूनं मात्र आयुष्यात पहिल्यांदा बायकोचं मनगट हातात घेतलं. आतली नाडी धावत होती, अडखळत होती, पुन्हा धावत होती. त्याचा चेहरा उतरला. "चल," एवढंच तो म्हणाला.

भुसावळला डॉक्टरांनी सुनंदाबाईच्या छातीला नळी लावली. उखर्डू चोरट्या आवाजात म्हणाला, "सायेब, राग नका मानू. याच्यात घड्याळ कोठी ठेवलंय?"

डॉक्टर हसले. त्यांनी नळीचे भाग सुटे करून त्याच्या तळहातावर ठेवले, पुन्हा जोडले आणि नळी त्याच्याच कानात घातली. "ऐका. उशीर केलात, पण फार नाही. औषधानं उतार पडेल."

मंडळी, उद्या एखादा शास्त्रज्ञ खरंच अंगावर बांधायचं बिनतारी यंत्र काढील, आणि भुसावळच्या डॉक्टरला निंभोऱ्याचं काळीज ऐकू येईल. जरूर बांधा! फक्त आधी म्हणा, "उघडून दाखव." जो दाखवील त्याचं ऐका. जो डोळे मिटायला सांगेल, त्याच्यापुढे ते टक्क उघडे ठेवा. आणि माणूस शेजारी उभं असेल, तर पेटीला नका विचारू. त्यालाच विचारा.