खांद्यातला विसावा

मास्तरांची पाठ होती, म्हणून ते त्यांना दिसण्याआधी ऐकू आलं.

दुपार टळत आली होती. गोल्फच्या सराव-मैदानाच्या कडेला, पत्र्याच्या शेडबाहेर स्टुलावर बसून मास्तर एका जुन्या काठीच्या मुठीवर नवं रबर चढवत होते. मागे शेवटच्या चटईवर कुणीतरी चेंडू मारत होतं. मास्तरांनी मान वळवली नाही. त्यांची अर्धी शिकवणी कानांनीच चाले. माणूस काठी मागे उचलतो तेव्हा बाहीची सळसळ होते, खाली आणतो तेव्हा काठी वारा कापते आणि मग चेंडूचा खटका. हे तिन्ही आवाज एकातून एक निघाले तर समजावं, लय आहे. बहुतेकांची लय म्हणजे जिन्यावरून गडगडत आलेला डबा.

हा डबा नव्हता. बाही सळसळली, मग काहीच नाही. श्वासभर काहीच नाही. आणि मग वारा, खटका.

पुन्हा तसंच. मास्तरांच्या बोटांवरचा डिंक वाळायला लागला.

ती श्वासभराची उसंत ते ओळखत होते. घरात तिला नाव होतं, विसावा. नाव अण्णांनी दिलेलं. अण्णा म्हणजे मास्तरांचे वडील. हे मैदान त्यांनीच उभं केलं. काठी वर पोचली की घाई करू नये, पाहुण्यासारखं जरा टेकावं, मग निघावं, असं ते शिकवायचे. शिकायला येणारे तेवढ्यापुरते टेकायचे आणि घरी जाऊन विसरायचे. पण मास्तर आणि त्यांचा धाकटा भाऊ यांच्या हाडात तो विसावा मुरला. चालायला लागल्यावर दोघं दुसरी गोष्ट शिकले ती हीच.

पुढे मास्तर बाहेरची मैदानं हिंडून आले, मोठमोठे खेळणारे पाहिले. त्यांच्यात कुणी टेकत नव्हतं. आणि एकदा आई सहज बोलून गेली, की तरुणपणी गवत दाबायचा जड रूळ ओढताना अण्णांचा खांदा निखळला होता. तेव्हापासून हात वर गेला की खांदा अडायचा, आणि तो सुटेपर्यंत ते वाट बघायचे. झालं! मास्तरांच्या पोटात काही राहिना. चहाच्या वेळी, चार शिकाऊ माणसांदेखत ते म्हणाले, "अण्णा, विसावा-बिसावा काही नाही. ही अडखळ आहे. तुमच्या खांद्याचं दुखणं आपण सगळ्यांच्या अंगात घालतोय."

अण्णांनी काठी भिंतीला टेकवली ती पुन्हा उचलली नाही. धाकटा मात्र बोलला, भरपूर बोलला, आणि थोड्याच दिवसांत आईवडलांना घेऊन दुसऱ्या गावी निघून गेला. काठी मारल्यानं पाणी तुटत नाही म्हणतात. म्हणणाऱ्यानं काठी किती जाड होती ते विचारलेलं नसावं. अण्णा तिकडेच वारले. मास्तर पोचले तेव्हा धाकट्यानं दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. त्यालाही आता किती वर्षं लोटली. मास्तरांनी स्वतःच्या अंगातली अडखळ हट्टानं खणून काढली होती. म्हणजे जगात ती एकाच माणसाकडे उरली होती.

"आला शेवटी," मास्तर पुटपुटले आणि वळले.

शेवटच्या चटईवर धाकटा नव्हता. पंचविशीतली एक उंच मुलगी होती. तिनं काठी वर नेली, टेकली आणि मारली.

मास्तर तिच्यापर्यंत गेले, हातात अर्धं रबर चढवलेली काठी तशीच. "कुणी शिकवलं तुला?"

"बाबांनी." मुलीनं घाम पुसला. "तुम्ही काका ना? बाबा म्हणालेच होते, काका आधी 'कोण गं तू' असं विचारणार नाही, 'कुणी शिकवलं' असं विचारेल."

"भिंगरी!" रांगायची तेव्हा जागच्या जागी गोल फिरायची, म्हणून पडलेलं नाव. मास्तरांनी तिला तेव्हाच काय ती पाहिलेली. ते फाटकाकडे बघायला लागले. "बाबा कुठाय? गाडीत बसलाय होय? लाजतोय का काय? सांग त्याला, आता दोघांचे दात पडायला आले, आता कसली..."

मुलीचा चेहरा बघून ते थांबले.

"काका, बाबा गेले. हिवाळ्यात." ती हळू म्हणाली. "आईनं तुम्हाला फोन लावला होता. लागलाच नाही."

"नंबर बदलला," मास्तर म्हणाले. "त्या दुकानदाराच्या नादी लागून बदलला. म्हणाला, यात बोलणं स्वस्त पडतं." आणि चेंडूंची टोपली पालथी करून ते तिच्यावर बसले. चेंडू सगळीकडे पळाले.

"आजारी होता?"

"बरेच दिवस. रोज म्हणायचे, जरा बरं वाटलं की मीच जाऊन येतो दादाकडे. बूटसुद्धा पुसून ठेवलेले."

चहाच्या टपरीतून मास्तरीणबाई किटली घेऊन येत होत्या. त्यांनी मुलीची दिरासारखी हनुवटी पाहिली, नवऱ्याचे खांदे पाहिले आणि सगळं समजल्या. या दिराला त्यांनी वर्षानुवर्षं जेवू घातलं होतं. "अहो, पोरीला आधी सावलीत घ्या," त्या म्हणाल्या, "मग काय रडायचं ते मिळून रडू." पण किटली गवतावर ठेवून त्या स्वतःच तिथं बसल्या.

संध्याकाळी टपरीच्या बाकावर भिंगरीनं येण्याचं कारण सांगितलं. रविवारी संघाची निवड होती. वय बघता ही शेवटचीच. निवड करणाऱ्या बाईंनी मागच्या खेपेला तोंडावर सांगितलं होतं, तू वर जाऊन थांबतेस, तिथं लय तुटते आणि वारा असला की चेंडू भरकटतो. ते घालवून ये.

"बाबांनी खूप प्रयत्न केला. पण दाखवायला जायचे आणि स्वतःच थांबायचे. मग आम्ही दोघं हसत सुटायचो." ती आताही जराशी हसली. "शेवटी म्हणाले, दादाकडे जा. दादाचं बरोबर होतं. त्यानं स्वतःची अडखळ काढली, तो तुझीही काढेल."

'दादाचं बरोबर होतं.' हे ऐकायला मास्तरांचे कान एके काळी आसुसले होते. आता ते ऐकून त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"त्याचा खेळताना एखादा व्हिडिओ असेल ना तुझ्याकडे?"

"सगळे माझेच आहेत काका. काढणारे बाबा. त्यांचा नुसता आवाज आहे. 'सावकाश गं भवाने,' एवढाच."

म्हणजे अण्णांचा तो अडलेला खांदा, धाकट्याचा तो टेकलेला श्वास, जे काही उरलं होतं ते या पोरीच्या दोन हातांत होतं. आणि ते काढून टाकायला ती त्यांच्याच दारात आली होती.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तिला उभं राहायला शिकवलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी मूठ कशी धरावी ते. ती उत्तम उभी राहत होती, मूठही उत्तम धरत होती. तरी मास्तर तिचा अंगठा इकडचा तिकडे करत राहिले. मधूनच म्हणायचे, "हं, मार बघू एक." ती मारायची. बाही सळसळायची, मग ती उसंत, मग खटका. मास्तर डोळे मिटून घ्यायचे. "आणखी एक," म्हणायचे.

"काका," शुक्रवारी तिनं काठी चटईवर आडवी टाकली. "तुम्ही मला शिकवत नाही आहात."

"असू दे की गं ती अडखळ. एवढं काय वाईट आहे? कुणाची लय जराशी वेगळी असते."

टपरीतून कपबशा आपटल्याचा आवाज आला. "वा!" मास्तरीणबाई तिथूनच कडाडल्या. "जिच्यापायी घराची दोन घरं केलीत, ती आता साखरेसारखी गोड लागायला लागली? तेव्हा म्हाताऱ्याला चारचौघांत बोलताना जीभ अडखळली नाही ती?"

मास्तर स्टुलावर जाऊन बसले.

"मला कळतंय हो," बाईंचा आवाज उतरला. त्या बाहेर आल्या, पदराला हात पुसत. "मलाही ऐकावंसं वाटतं. काल कप विसळता विसळता मी थांबले, म्हटलं भाऊजीच. पण पोर काय आपल्याला ऐकवायला आलीय? भाऊजींनी पाठवलंय तिला. आयुष्यात एक काम सांगितलं त्यांनी तुम्हाला."

मास्तर उठून शेडमध्ये गेले आणि बादली घेऊन आले. अर्धी भरली.

"दोन्ही हातांनी धर. मागे ने आणि समोर त्या मातीवर पाणी लांब फेक. वर थांबलीस तर पाणी आपल्याच बुटांत."

पहिली बादली बुटांत गेली. दुसरी निम्मी बुटांत, निम्मी मास्तरांच्या पायजम्यावर. "काकांची अंघोळ झाली," मास्तरीणबाई म्हणाल्या. तिघंही हसली आणि हसून झाल्यावर तिघांनाही कसंतरी वाटलं.

"झोक्यावर कधी बसलीयस ना? वर जातो तिथं तो टेकत नाही. वळतो. तू मनानं टेकतेस, म्हणून हात टेकतात. बादली मागे जात असतानाच पुढचा पाय रोव. हात अजून मागे चाललेत आणि पाय निघालासुद्धा. असं. घरातनं आई हाक मारते तेव्हा आपण 'आलो' म्हणायच्या आत निघतो, तसं."

दुपारभर पाणी मातीवर पडत राहिलं, दर खेपेला थोडं लांब. मग त्यांनी तिच्या हातात काठी उलटी दिली, जड टोक मुठीत, आणि नुसता वारा कापायला लावला. "वारा कुठं वाजतो ते ऐक. वर वाजला तर घाई झाली. चेंडूपाशी वाजायला हवा." मग दोन्ही पाय जुळवून, मग डोळे मिटून. मास्तर जसे शिकवत गेले तसे त्यात बुडत गेले. शेवटी ते जन्माचे मास्तरच. उन्हं कलली तेव्हा त्यांनी काठी सुलटी केली आणि चेंडू ठेवला.

"आता चेंडूकडे बघू नकोस. बादली फेक."

बाही सळसळली, तिच्यातूनच वारा निघाला, वाऱ्यातूनच खटका. मध्ये बोट घालायला जागा नव्हती. चेंडू मैदानाच्या टोकाची जाळी हलवून खाली पडला.

भिंगरी किंचाळली. पुन्हा मारला, पुन्हा तसाच. मास्तर चेंडू मोजायचं सोडून नुसते ऐकत उभे राहिले. अशी लय त्यांनी आयुष्यात मोजक्याच जणांत घडवली होती. ती सुरेख होती, नितळ होती आणि कुणाचीच नव्हती.

"काका, जमलं! बाबा असते तर..." ती वळली. चेहरा उजळलेला. "थांबा, आता बाबांसारखा मारते एक. बघा हं."

तिनं काठी वर नेली आणि थांबली. भारी थांबली. मारला. ते बरोबर नव्हतं हे तिलाही कळलं. "नाही, जरा कमी." पुन्हा. आता थांबण्याआधी खांदा हलला. पुन्हा. चौथ्यांदा काठी जमिनीला घासली आणि चेंडू बाजूला घरंगळला. तिच्या कपाळावर आठ्या आल्या. "असं काय होतंय? काल तर..."

मास्तरांनी पुढे होऊन काठीला हात घातला. "बास."

"एकदाच, काका. आहे ते अजून, मला माहितीय."

"बास म्हणतो ना. ते शोधत बसलीस तर हेही हातचं जाईल. परवा निवड आहे." त्यांनी तिची बोटं एकेक करून सोडवली. "जे आलंय ते घेऊन जा."

"मग बाबांचं?"

मास्तरांनी घरंगळलेला चेंडू उचलून टोपलीत टाकला. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग तोंड झाकून टपरीच्या मागं गेली. मास्तरीणबाई तिच्यामागं निघाल्या, पण अर्ध्या वाटेवर थांबल्या. मागं चटईवर मास्तर उभे राहिले होते.

म्हातारपणी आखडलेले गुडघे त्यांनी वाकवले. काठी वर नेली. अण्णा टेकायचे तिथं नेली. खांदा तिथं थांबेना. सरळ वळून खाली आला, गुळगुळीत, तेल घातल्यासारखा. त्यांनी पुन्हा नेली, मुद्दाम धरून ठेवली, मग सोडली.

"नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "भाऊजी असे नव्हते थांबत."

त्यांनी आणखी एक चेंडू ठेवला.

"मामंजीही नाहीत."

आणखी एक. या खेपेला त्यांनी नुसती 'नाही' अशी मान हलवली आणि त्या पोरीकडे गेल्या.